चाळीस वजा

वजनकाट्याची सुई शून्यावर नव्हती. शून्याच्या उजवीकडे चार बारीक रेघा सोडून ती थांबली होती. एक रेघ दहा ग्रॅमची, म्हणजे पारड्यात काहीच नसताना काटा चाळीस ग्रॅम दाखवत होता. मी काटा भिंतीपासून जरा पुढे ओढला, टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी सारखी केली, पारडं पुसून परत ठेवलं. सुई हलली, थरथरली आणि पुन्हा चाळीसवर येऊन थांबली.

एप्रिलमधला सोमवार होता. दुपारचे अडीच वाजले होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका सरकारी रुग्णालयात मी आठ महिन्यांपूर्वी बालरोगतज्ज्ञ म्हणून रुजू झाले होते. नवजात कक्षात त्या दिवशी नऊ बाळं होती, सगळी दिवस भरायच्या आधी जन्मलेली. कक्षप्रमुख देवरे सर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते आणि शिल्लक रजा संपवायला त्याच सकाळपासून घरी बसले होते. दुसरा डॉक्टर नव्हता. आदल्या सकाळी मी कामावर आले होते, ती अजून घरी गेले नव्हते.

चौदाशे ग्रॅमचं बाळ नीट वाढत असेल तर दिवसाला वीस ग्रॅम वाढतं. चाळीस ग्रॅम म्हणजे त्याचे दोन दिवस. औषधाचं माप, दुधाचं माप, घरी पाठवायचा दिवस, सगळं या सुईवरून ठरायचं. मला आधी आश्चर्य वाटलं आणि मग राग आला. इतकी वर्षं हा काटा वापरात आहे आणि एकाही माणसाला हे दिसू नये.

काट्याच्या खालच्या अंगाला खाच असलेला छोटा स्क्रू होता. कक्षाच्या लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात असायची. तिची कड त्या खाचेत बरोबर बसली. अर्धा फेरा फिरवला आणि सुई शून्यावर आली. औषधभांडारातून एक किलोचं वजन मागवून पारड्यात ठेवलं. काट्याने एक किलो दाखवलं, एक रेघही इकडेतिकडे नाही. मग कपाट उघडून उपकरणांची नोंदवही काढली आणि लिहिलं : 'वजनकाटा ४० ग्रॅम अधिक दाखवत होता. शून्यावर आणला. एक किलोच्या वजनाने तपासला.' तारीख, वेळ, सही. नोंदवही आत ठेवली, कपाट लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बाह्यरुग्ण विभागात गेले. तिथे साठ मुलं थांबली होती.

याला आता एकोणीस वर्षं झाली. ती नोंद मला शब्दशः आठवते. तिच्यात काहीही चूक नव्हती.

मंगळवारी राउंडला रोशनी वळवी सिस्टर माझ्याबरोबर होती. चौतिशीची, दोन मुलांची आई. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर तिची नऊ वर्षं गेली होती. पहाटे सहाला बाळांची वजनं घ्यायचं काम त्या आठवड्यात तिच्याकडे होतं.

"सायकीची मुलगी काल चौदाशे वीस," ती तक्ता वाचत म्हणाली. "आज चौदाशे."

"उतरलं?"

"सगळ्यांचंच उतरलंय मॅडम. कुणाचं वीस, कुणाचं पंचवीस. खिडकीजवळच्या त्या दोघांचं तीस-तीस."

"कूलर कधीपासून बंद आहे?"

"परवापासून. मोटर जळली म्हणतात. वायरमन येतो येतो म्हणतो, पण येत कुठे?"

बाहेर बेचाळीस अंश होतं. बाळांच्या अंगातलं पाणी कमी होतंय, हे कारण मला पटलं. मग मी दुसरं कारण शोधलं नाही. नऊ बाळांचं वजन एकाच सकाळी उतरावं, ही गोष्ट एखाद्या विद्यार्थ्याने मला दाखवली असती तर मी त्याला पहिला प्रश्न काट्याबद्दल विचारला असता. पण काटा तर मी कालच तपासला होता. त्या कक्षात मला ज्या एका वस्तूची खात्री होती, ती हीच.

"दूध वाढवा सगळ्यांचं," मी म्हणाले. "हिचं एकोणीस मिलिलिटर आहे ना, बावीस करा. दर दोन तासांनी, नळीतूनच."

"एकदम बावीस?"

"वजन उतरतंय रोशनी."

"हो मॅडम," ती म्हणाली आणि लिहून घेतलं.

बुधवारी पुन्हा तेच. वजन चौदाशे वीस, म्हणजे दोन दिवसांत वाढ शून्य. सायकी पावरा पलंगावर बसली होती. मुलगी तिने छातीशी, कातडीला कातडी लावून, ओढणीने बांधली होती. वरून फक्त टोपी दिसत होती. सायकी फार बोलायची नाही. तिची भाषा वेगळी, आमची मराठी ती जपून वापरायची.

"बाई," ती म्हणाली, "पोरगी जड झाली."

"नाही गं. वाढलेलं नाही वजन. उलट काल उतरलं होतं."

"जड लागते पण."

"वीसेक ग्रॅम हाताला कळत नाहीत सायकी. दिवसभर बांधून बसतेस, दमली असशील. म्हणून वाटतं."

तिने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. डॉक्टरीणबाईंशी वाद कोण घालणार, म्हणून. मी तक्त्यावर बावीसचे पंचवीस केले. वीस ग्रॅम हाताला कळत नाहीत, हे मी आजही सांगेन. तरीही त्या दिवशी त्या पलंगापाशी बरोबर फक्त ती होती.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मुलीने हिरवट उलटी केली. पोट ताणलं होतं, चकचकीत दिसत होतं. टेप लावली. बुधवारी पोटाचा घेर तेवीस सेंटिमीटर होता, आता साडेपंचवीस. आतडी दमली होती. इतक्या लहान बाळांची आतडी झेपेल त्याहून जास्त दूध आलं की सुजतात, आणि सूज वाढली तर फाटतात. दूध बंद केलं, सलाईन लावलं, प्रतिजैविकं सुरू केली, पोटात साचलेलं दूध नळीने बाहेर काढलं. बाकी आठ बाळांचं दूध मी पहिल्या मापावर आणलं. त्यांना काही झालेलं नव्हतं. सायकी दाराबाहेर बसून होती. मोकळी ओढणी तिने मांडीवर घडी घालून ठेवली होती.

गावित सिस्टर दुपारी दोनला आल्या. त्या कक्षाच्या इन्चार्ज सिस्टर. पुतणीच्या लग्नासाठी शनिवारपासून नवापूरला गेल्या होत्या. आल्या त्या सरळ मुलीपाशी गेल्या, पोटावर दोन बोटं ठेवली, तक्ता वाचला. मग वजनकाट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. काही केलं नाही, नुसत्या शून्यावरच्या सुईकडे बघत राहिल्या.

"मॅडम, काट्याला कुणी हात लावला?"

"मी. सोमवारी. चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. शून्यावर आणला."

त्या माझ्याकडे वळल्या. "आणि चाळीस वजा करायचे नाहीत, हे कुणाला सांगितलं?"

"कसले चाळीस?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. साठीला आलेली बाई, कामाच्या वेळात मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"हा काटा सहा वर्षं चाळीस जास्त दाखवतो," त्या म्हणाल्या. "इथे कुणीही नवीन सिस्टर आली की पहिल्या दिवशी मी तिला इथे उभी करते. सांगते, बाळ ठेव, बघ, चाळीस वजा कर, मग लिही. तक्त्यावर आहे ते सगळं वजा करून लिहिलेलं असतं. खरं वजन असतं ते."

"कुठे लिहिलंय हे?"

"कुठे लिहायचं? सरकारी काटा चुकीचा आहे म्हणून? हे सांगायचं असतं. ड्यूटी देताना एकीने दुसरीला." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही डॉक्टर लोक लिहिता. आम्ही सांगतो."

रोशनी मागे येऊन उभी राहिली होती. तिने बहुतेक सगळं ऐकलं होतं.

"रिकाम्या पारड्याकडे कोण बघतं मॅडम," ती हळूच म्हणाली. "बाळ ठेवते, बघते, चाळीस वजा करते. नऊ बाळं असतात, आणि पहाटे सगळी एकदम रडतात."

मी तक्ते घेऊन टेबलाशी बसले आणि सोमवारनंतरच्या प्रत्येक आकड्यात चाळीस मिळवले. सायकीची मुलगी मंगळवारी चौदाशे चाळीस होती, बुधवारी चौदाशे साठ. रोज वीस ग्रॅम, अगदी पुस्तकात असते तशी. नऊच्या नऊ बाळं वाढत होती. कुणाचंही पाणी कमी पडलं नव्हतं. गणित करायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. गणितात मी कधीच चुकले नव्हते.

गावित सिस्टर खुर्चीवरून उठल्या. जाताना रोशनीला एवढंच म्हणाल्या, "काळजी करू नको. मॅडम सांगतील वर."

मी मान हलवली. सांगणारच होते.

शुक्रवारी सकाळी मुलीचे आजोबा आले. ते त्यांच्या गावचे पोलीस पाटील, कागदांची सवय असलेला माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. माझ्यासमोर उभे राहून एकच विचारलं, "बाई, दूध जास्त झालं म्हणतात. कुणी वाढवलं?"

"वजन कमी दिसत होतं," मी म्हणाले.

"बरं. कमी कुणाला दिसत होतं?"

मी म्हणाले, चौकशी चालू आहे. ते सिव्हिल सर्जन कुलथे साहेबांकडे लेखी तक्रार देऊन बसने परत गेले. साहेबांनी तासाभरात नोंदवह्या मागवल्या. वजनाचे आकडे चाळीसने चुकलेले होते, आकड्यांपुढे सही रोशनीची होती. बाराच्या सुमाराला रोशनी हातात नोटीस घेऊन माझ्याकडे आली. सोमवारी सकाळी अकरा वाजता खुलाशासह हजर राहावे, अन्यथा करार पुढे वाढवण्याचा विचार केला जाणार नाही. तिचा करार तीस तारखेला संपत होता.

"मॅडम, हा खुलासा कसा लिहितात?" ती म्हणाली. "मला असलं लिहायला जमत नाही. तुमची भाषा चांगली आहे. एक कच्चा करून द्या ना, मी माझ्या अक्षरात उतरवते."

माझी अंघोळ झाली नव्हती, सकाळपासून पोटात एक चहा होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. माझ्या मनाने त्या वेळी ते सबब म्हणूनच पुढे केलं, म्हणून सांगते. आत्ता खुलासा देऊ, सोमवारी तोंडी सगळं बोलू, असं मी स्वतःला म्हणाले आणि लिहायला घेतलं. 'कक्षातील प्रचलित पद्धतीनुसार मी वजनातून ४० ग्रॅम वजा करत होते. दरम्यान वजनकाटा दुरुस्त झाल्याची मला कल्पना नव्हती. सदर चूक अनवधानाने झाली असून त्याबद्दल मी दिलगीर आहे.' तीन वाक्यं. वजनकाटा कुणी दुरुस्त केला, ते त्यात नव्हतं.

तिने उभ्याउभ्या वाचलं.

"बरोबर आहे ना मॅडम?"

"बरोबर आहे."

"थँक्यू," ती म्हणाली. आणि निघताना, "तुम्ही जेवला नाहीत वाटतं. डब्यात भाकरी आहे माझ्या, आणू?"

मी नको म्हणाले.

रविवारी संध्याकाळी पाचला देवरे सरांकडे गेले. रुग्णालयामागच्या क्वार्टरमध्ये ते बायकोबरोबर सामान बांधत होते. पुस्तकांची खोकी, सुतळी, जुन्या पेपरांचा गठ्ठा. सरांनी एक खोकं उलटं करून मला बसायला दिलं.

"कशी आहे ती?"

"घेर चोवीसवर आलाय. आतड्यांचा आवाज अजून नाही."

"येईल. वाट बघायची," सर म्हणाले. वाट बघण्याबद्दल ते नेहमी असं बोलायचे, औषधाचं नाव सांगावं तसं. "गावितबाई येऊन गेल्या काल. सगळं कळलं."

"सर, तुम्हाला माहीत होतं, चाळीसचं?"

"मीच काढलं ते. सरकारी काट्याचा स्क्रू आपण फिरवायचा नाही, असा नियम. दुरुस्तीला नाशिकला पाठवायचा तर महिना जायचा. तेवढे दिवस वजन कशावर करायचं? नवा मागितला. दर मार्चला मागतो, सहा मार्च झाले. म्हटलं, चाळीस वजा करा आणि चालवा." त्यांनी सुतळीला गाठ मारली. "प्रत्येक सिस्टरला सांगितलं. तुला नाही सांगितलं, कारण वजनं तू करत नव्हतीस. ही माझी चूक, लिहून घे हवं तर."

"मला वाटलं, इतक्या वर्षांत कुणाला दिसलंच नाही."

सर हसले, पण वाईट रीतीने नाही. "तुझ्याआधी इथे आंधळी माणसं होती, असं वाटलं तुला?"

तेच वाटलं होतं.

सरांच्या बायकोने ताक आणून दिलं. "हिला तरी काही बोलू नका," त्या सरांना म्हणाल्या. "चेहरा बघा पोरीचा."

"मी कुठे बोलतोय? मी तर निवृत्त माणूस." ताकाचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "कक्षाचा चार्ज घ्यायचा कागद मी तुला फेब्रुवारीत दिला होता कुमुद. सही करून दे म्हटलं, तर म्हणालीस विचार करते. मार्चमध्येही विचारच करत होतीस. आता तो कुलथेंच्या फाईलला लागलाय, तुझ्या सहीशिवाय."

"मला माणसं सांभाळता येत नाहीत सर. मला बाळं कळतात. मशीन कळतं."

"बाळं काय एकटी राहतात होय तिथे?"

"मी प्रमुख व्हायला आले नव्हते."

"मग काय, बरोबर असायला आली होतीस?" ते खोक्यावर नाव लिहायला वाकले. "ते तर तू आहेसच. त्या नोंदवहीत बघ, किती बरोबर आहेस. कुलथे तुला काहीही करणार नाहीत."

हे ते सहज म्हणाले. रस्ताभर मी ते वाक्य पुसायचा प्रयत्न करत होते. उद्या काय बोलायचं, ते मी सरांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही. दारात फक्त म्हणाले, "सही नसली की चार्ज कुणाकडेच नसतो बघ. आणि चार्ज कुणाकडेच नसला, की तो सगळ्यात खालच्या माणसाच्या अंगावर पडतो. तीस वर्षं पाहिलंय."

सोमवारी सकाळी मुलीचा घेर साडेतेवीस होता आणि स्टेथोस्कोपमधून आतड्यांचा हलका आवाज येत होता. ती पुढे मे महिन्यात घरी गेली. पण त्या सकाळी तिचं काय होणार, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. सायकीने माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने विचारलं, दूध? मी म्हणाले, उद्या. एक मिलिलिटर.

अकराला आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो. कुलथे साहेब, त्यांचा कारकून, गावित सिस्टर, रोशनी आणि मी. रोशनीने इस्त्रीचा युनिफॉर्म घातला होता. खुलासा तिने स्वतःच्या गोल अक्षरात उतरवून आणला होता. माझा कच्चा कागद तिने घडी करून पर्समध्ये जपून ठेवलेला मला दिसला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही त्या दिवशी साडेबाराला कलेक्टर ऑफिसात जायचं होतं. त्यांनी खुलासा वाचला.

"प्रचलित पद्धत म्हणजे काय? कुणी घालून दिली?"

"सरांनी," गावित सिस्टर म्हणाल्या. "सहा वर्षं झाली."

"लेखी आहे?"

"नाही साहेब."

"मग ती पद्धत नाही सिस्टर, ती सवय आहे." त्यांनी उपकरणांची नोंदवही उघडून माझ्याकडे वळवली. "ही सही तुमची ना डॉक्टर?"

"हो."

"बघा. तारीख, वेळ, चाळीस ग्रॅमचा स्पष्ट उल्लेख. डॉक्टरांनी त्याच दिवशी लिहून ठेवलंय. वळवी सिस्टर, हे तुम्ही का वाचलं नाही?"

"नाही वाचलं साहेब," रोशनी म्हणाली.

"का नाही, ते विचारतोय मी."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मदत मागायला नव्हे. तो खुलासा मी लिहिला होता, तर याचं उत्तरही मलाच माहीत असेल, अशा विश्वासाने.

"नोंदवही कपाटात असते साहेब," गावित सिस्टर म्हणाल्या. "कपाटाला कुलूप असतं."

"किल्ली मागायची मग."

"आत काय लिहिलंय हेच माहीत नाही, तर किल्ली कशासाठी मागणार?"

"तुम्ही मला उलट प्रश्न विचारू नका सिस्टर." साहेबांनी घड्याळ बघितलं. "हे पाहा, मला यात डॉक्टरांना ओढायचं नाही. सरांची रजा मंजूर होती. नवीन चार्जच्या कागदावर कुणाची सही नाही. म्हणजे त्या आठवड्यात चार्ज कुणाकडेच नव्हता, तेव्हा कक्षाची म्हणून जबाबदारी निघत नाही. आकडे लिहिणारीची निघते. पाटलांना उत्तर द्यावं लागेल. विषय इथेच संपवू. डॉक्टर, तुम्हाला काही म्हणायचं नसेल तर—"

कारकुनाने पेनाचं टोपण काढलं होतं. वर पंखा फिरत होता आणि फाईलमधले कागद एकेक करून उचलले जात होते. त्यांतला एक मला ओळखू आला. फेब्रुवारीची तारीख, सरांची सही आणि तिच्या शेजारी सहीची मोकळी जागा.

मी एप्रनच्या खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि नोंदवहीवर ठेवली.

"किल्ली माझ्याकडे असते साहेब," मी म्हणाले. "दुसरी नाही. हिच्याच कडेने मी काट्याचा स्क्रू फिरवला. मग हिनेच कपाट उघडून नोंद केली आणि कपाट लावून टाकलं. सिस्टरांपैकी कुणीही ती नोंद वाचू शकत नव्हतं."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काटा दुरुस्त केलात डॉक्टर. चूक नाही केलीत."

"मी कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलं नाही. दूध मी वाढवलं, दोनदा. आई सांगत होती मूल जड झालंय, तिचं ऐकलं नाही. वळवी सिस्टरांनी त्यांना शिकवलं होतं तेच केलं. हा खुलासासुद्धा मीच लिहून दिलाय आणि त्यात माझं नाव मी घातलं नाही. तो परत द्या त्यांना."

रोशनी खाली बघत होती. गावित सिस्टरांनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला होता.

"विचार करून बोला," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "कागदावर तुम्ही कुठेही नाही आहात."

"म्हणूनच बोलतेय. चार्जच्या कागदावर मागची तारीख मी घालणार नाही, आजचीच घालते. पण खुलासा त्या सोमवारपासूनचा लिहून घ्या, माझ्या नावावर." मी हात पुढे केला. "आणि तो कागद इकडे द्या साहेब. कक्षाचा चार्ज मी घेते."